पाठीमागची बोटं

सोमवारी शाळा सुटली, संघ हॉलमध्ये जमला आणि बाईंनी नेटच्या खांबाला टेकून चाचणीचे गुण वाचायला घेतले. बाई भूमिती शिकवायच्या आणि व्हॉलीबॉलही त्याच शिकवायच्या. दोन्हीकडे आवाज तोच, खडू मोडावा तसा कोरडा. बारा मुलींचे गुण वाचायला किती वेळ लागणार? पण अकराव्या नावापाशी त्या थांबल्या. चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा लावला. चष्म्याचा काही दोष नव्हता.

“शिडी. भूमिती. चाळीसपैकी नऊ.”

संघात खरी नावं हजेरीपटापुरतीच उरली होती. शिडी म्हणजे सगळ्यांत उंच मुलगी. नेटवरून चेंडू असा आपटायची की पलीकडच्या मुली पाय उचलून घ्यायच्या. आणि तिच्या शेजारी ओल्या बाहीने कपाळ पुसत उभी होती ती मुकादम, संघाची कप्तान. मारणाऱ्यांना चेंडू उचलून द्यायचा हे तिचं काम. पण ती स्वतःचं काम करून उरलेल्या पाच जणींचंही करायची. चेंडू कुठेही पडत असो, “माझा!” म्हणून ओरडत ही तिथे हजर. नेट बांधायचं असो, पाण्याच्या बाटल्या भरायच्या असोत, कोणाच्या बुटाची नाडी सुटलेली असो, मुकादम पुढे. म्हणून ते नाव.

नऊ गुण ऐकले आणि मुकादमचा कपाळ पुसणारा हात तिथेच थांबला. बाईंचा एक नियम होता. सत्राच्या सुरुवातीला त्या मुलींच्या जोड्या लावायच्या, आणि जोडीतली एक जरी नापास झाली तरी सामन्यात दोघी बाकावर. रडारड चालायची नाही, पालकांची चिठ्ठी चालायची नाही. जोडी म्हणजे जोडी. नापास मुलीला त्याच आठवड्यात फेरपरीक्षा मिळायची, पण त्या पेपरला जोडीदारणीनेही बसायचं, तोच पेपर सोडवायचा. बाकीचे शिक्षक या प्रकाराला हसत. बाई म्हणत, “गुडघा केव्हातरी जातोच. तेव्हा डोकं शाबूत असलेलं बरं, आणि शेजारी कोणीतरी असलेलं बरं.” त्यांचा स्वतःचा डावा गुडघा जिना चढताना कटकट वाजायचा.

शिडीची जोडीदारीण मुकादम होती. फेरपरीक्षा शुक्रवारी सकाळी, आणि शनिवारी शाळाशाळांतला अंतिम सामना. सामन्याला क्रीडा महाविद्यालयाचे पाहुणे येणार होते, पुढच्या वर्षासाठी मुली निवडायला. मुकादमचं शाळेतलं हे शेवटचं वर्ष. शनिवारी बाकावर बसायची वेळ आली, तर दोन वर्षांची पहाटेची धावपळ पाण्यात.

“पास व्हायला किती लागतात, बाई?” शिडीने विचारलं.

“चौदा. म्हणजे तुला पाच कमी पडले. निदान ही वजाबाकी तरी जमते का बघ.”

मुली हसल्या. शिडीसुद्धा हसली. मुकादमला मात्र हसू आलं नाही. ते नऊ गुण एकट्या शिडीचे नव्हते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. सत्र सुरू झाल्यापासून शिडीचा भूमितीचा घरपाठ तीच करत आली होती. आधी एखादं उदाहरण समजावताना पेन्सिल हातात घेतली, मग दुसरं, मग पानच्या पानं. शिडीने नुसतं आपल्या अक्षरात उतरवून काढायचं. वहीत बरोबरच्या खुणाच खुणा, बाईही फसल्या. चाचणीच्या दिवशी शिडीकडे नुसतं अक्षर होतं, भूमिती मुकादमच्या डोक्यात राहिली होती.

“काळजी करू नकोस,” बाहेर पडताना मुकादम म्हणाली. “चार दिवस आहेत. मी घेते तुझं.”

“तू घेतेस म्हणजे झालंच,” शिडी म्हणाली आणि निश्चिंतपणे जांभई दिली.

मुकादमचा दिवस पाचला सुरू व्हायचा. आई रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला होती. सकाळच्या पाळीला ती बाहेर पडायच्या आत डबे भरायचे, पाणी भरायचं, मग धावत शाळा, मग सराव, मग वर्ग, मग पुन्हा सराव. देवाने माणसाला दोनच हात दिले, त्यात त्याचा काहीतरी विचार असणार. पण मुकादमने तो विचार कधी मानला नव्हता. दोन हातांत सहा हातांचं काम कोंबून ती चालली होती, आणि आता त्यात शिडीचे पाच गुण आले.

मंगळवारी सराव संपल्यावर दोघी रिकाम्या वर्गात बसल्या. बाकांवर खडूची भुकटी, खिडकीतून तिरकं ऊन, आणि मुकादमचे डोळे मिटायला लागलेले. तिने एक युक्ती काढून ठेवली होती.

“हे बघ, आपलं मैदान समज. अठरा मीटर लांब, नऊ मीटर रुंद. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात चेंडू मारलास. किती लांब गेला?”

“आत पडला की बाहेर?”

“आत पडला गं. कर्ण किती, ते सांग.”

“अगं, आत पडला तर गुण आपला. लांबी कोण विचारतंय?”

“परीक्षेत विचारतात!”

“परीक्षेत चेंडू नसतो,” शिडी म्हणाली. खोटं काय होतं त्यात? मुकादमने कपाळावर हात मारला, पेन्सिल ओढून घेतली आणि त्रिकोण काढून, वर्ग करून, वर्गमूळ काढून उत्तर तळाशी लिहिलं. खाली दोन रेघाही मारल्या. “कळलं?”

“कळलं.”

“मग आता हे दुसरं कर.”

शिडीने दुसऱ्या उदाहरणाकडे पाहिलं. मग पहिल्याकडे. मग खिडकीकडे. एवढी उंच मुलगी, पण बाकावर बसली की खांदे पाडून, गुडघे बाकाखाली अडकवून अशी बसायची की कोणी घडी घालून ठेवली असावी. दोन मिनिटं गेली. मुकादमला ती दोन मिनिटं दोन तासांसारखी वाटली.

“अगं, आधी काटकोन शोध.”

“शोधते आहे.”

“हा काय इथे!” आणि तिसऱ्या मिनिटाला पेन्सिल पुन्हा मुकादमच्या हातात.

बुधवारी तेच. शाळेचे शिपाईमामा वर्गाला कुलूप लावायला किल्ल्यांचा जुडगा वाजवत दोनदा येऊन गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा दारातच उभे राहिले.

“परीक्षा कोणाची आहे?” त्यांनी विचारलं.

“माझी, मामा,” शिडी म्हणाली.

“असं होय. मी मघापासून बघतोय, लिहितेय ही, आणि जांभया देतेस तू. म्हटलं काही नवीन पद्धत निघाली असेल.”

मामा हसत गेले, पण शिडीचा चेहरा उतरला. तिने वही स्वतःकडे ओढली.

“मुकादम, तू जरा गप्प बस. मी करते.”

“कर ना. मी कुठे धरलंय तुला?”

शिडी करू लागली. रेघ मारली, खोडली, पुन्हा मारली. उदाहरण चुकीच्या वाटेला चाललं होतं. मुकादमला ते दुसऱ्याच ओळीला दिसलं. तिने ओठ चावला, बोटं चावली, आणि मग तिला राहवेनाच.

“अगं, तो कोन नाही घ्यायचा, हा घ्यायचा...”

“गप्प बस म्हटलं ना!” शिडीने पेन्सिल बाकावर आपटली, तसं तिचं टोक मोडलं. “तू सोडवतेस ना, तेव्हा मला वाटतं आलं. तू उठून गेलीस की जातं. सगळं वर्षभर असंच झालंय. मला चुकू तरी दे!”

“चुकायला वेळ आहे का आपल्याकडे? परवा पेपर आहे! मी कोणासाठी मरतेय इथे?”

“शनिवारसाठी,” शिडी म्हणाली. “माझ्यासाठी नाही.”

तिने दप्तर उचललं आणि गेली. मुकादम त्या बाकावर डोकं टेकून बसली. रडायलासुद्धा अंगात त्राण नव्हतं. मामांनी तिला हलवून उठवलं, तेव्हा तिला कळलं की आपल्याला झोप लागली होती.

गुरुवारी शिडी सरावाला आली, चेंडू मारले, कोणाशी बोलली नाही. सराव संपताच मागच्या दाराने निघून गेली. मुकादम रिकाम्या वर्गात अर्धा तास वाट बघत बसली आणि मग घरी गेली.

आई स्वयंपाकघरात भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसली होती, पाय लांब सोडून. दिवसभर गरम चादरी मशीनमध्ये घालायच्या आणि काढायच्या. तिच्या अंगाला खळीचा वास यायचा आणि बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. दिवसाकाठी पाच मिनिटं तिचं देवाशी बोलणं चालायचं. ती पाच मिनिटं ती कोणालाही द्यायची नाही.

मुकादम शेजारी बसून राहिली. ओठ थांबल्यावर म्हणाली, “आई, उद्या शिडीचा पेपर आहे. तू देवाला सांगितलंस का?”

“माझं मी सांगितलं. तुझं तू सांग.”

“तूच सांग ना. तुझं ऐकतो तो.”

“माझ्या तोंडून सांगितलं तर त्याला वाटेल मीच खेळणार आहे,” आई म्हणाली. “मग उद्या पेपरला मला बसवेल. मला तर त्रिकोणाला किती बाजू असतात तेही आठवत नाही.”

मुकादमला हसू फुटलं, आणि हसताहसता डोळ्यांत पाणी आलं. आईने मुलीचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि गुळगुळीत बोटांनी केसांतून हात फिरवला. दोघींपैकी आधी कोणाला डुलकी लागली, ते सांगता येणार नाही.

शुक्रवारी सकाळी हॉलमध्ये दोनच बाक मांडले होते, एकामागे एक. पुढे मुकादम, मागे शिडी. शिडीचे डोळे सुजलेले होते. ती मुकादमकडे न बघता बसली. बाईंनी दोघींना पेपर दिले, समोर खुर्ची टाकली, आणि हातातल्या वह्या तपासायला घेतल्या.

पहिले आठ प्रश्न पर्यायांचे होते. प्रत्येकाला चार पर्याय, प्रत्येकाला दोन गुण. पुढे मोठी उदाहरणं. मुकादमने पहिला प्रश्न वाचला, उत्तर लगेच दिसलं. दुसरा पर्याय. तिने तो लिहिला.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. खेळताना सर्व्हिस व्हायच्या आधी मुकादम नेटकडे तोंड करून उभी राहायची आणि एक हात पाठीमागे घ्यायची. पलीकडच्या संघाला दिसू नये म्हणून मागे. एक बोट म्हणजे जवळचा बुटका चेंडू, दोन म्हणजे टोकाला उंच, तीन म्हणजे मधून, चार म्हणजे उलटा मागे. शिडीने बोटं बघायची आणि तिथे उडी घ्यायची. दोन वर्षांत हे हजारो वेळा झालं होतं. हाताला आता मुकादमच्या परवानगीची गरज उरली नव्हती.

तेव्हा दुसरा पर्याय लिहून झाल्यावर मुकादमचा डावा हात पाठीमागे गेला, आणि त्याने दोन बोटं दाखवली.

क्षणभराने तिला ते कळलं. तिने हात पुढे ओढून घेतला, मांडीवर ठेवला, आणि त्याच्याकडे परक्या वस्तूसारखं पाहिलं. समोर बाई वहीत लाल रेघ मारत होत्या. त्यांना पाठ दिसत नव्हती. मागे पेन्सिल थांबली होती.

पहिल्यांदा हात आपण होऊन गेला होता, हे खरं. देवापुढे उभं राहिलं तरी तेवढं खरं. पण दुसऱ्या प्रश्नाला तो गेला नाही, तिने नेला. चार बोटं. तिसऱ्याला एक. तिच्या मनात शनिवार होता, पाहुणे होते, आणि मागे खांदे पाडून बसलेली, मोडलेल्या पेन्सिलीची एक मुलगी होती, जिला काही येत नव्हतं. आठही प्रश्नांना हात गेला. आठव्यानंतर तिने तो पुढे घेतला तेव्हा मनगटापर्यंत घाम होता.

बाईंनी पेपर तिथेच तपासले. त्यांची तशी रीतच होती, कोणाला लोंबकळत ठेवायच्या नाहीत. मुकादमला एकोणचाळीस. मग शिडीचा पेपर. लाल पेन थांबत थांबत पुढे जात होतं.

“पंधरा,” बाई म्हणाल्या. त्यांनी पुन्हा बेरीज केली. “पंधराच. पास.”

शिडीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मुकादम उठून तिच्या गळ्यात पडणार, तेवढ्यात तिची नजर पेपरावर गेली. पर्यायांच्या आठ प्रश्नांपैकी चार चुकले होते. दुसरा चुकला होता. तिसरा चुकला होता. शिडीचे बाकीचे सात गुण मोठ्या उदाहरणांतले, अर्धवट सोडवलेल्या, खोडाखोडीच्या ओळींतले होते. प्रत्येक गुण घासून मिळवलेला.

बाहेर जिन्यात मुकादमने तिला गाठलं. “तू बघितलं नाहीस?”

“पहिलं दिसलं. माझंही दोनच आलं होतं.” शिडी जिन्याच्या कठड्याला धरून उभी होती. “मग मी मान खालीच ठेवली. अजून दुखतेय. ते पर्याय तर मी अंदाजाने मारले, पण मोठी उदाहरणं केली. बाबांना बसवून ठेवलं होतं काल शेजारी. त्यांना काही येत नाही, म्हणून ते गप्प बसतात.”

“मी... हात आपोआप गेला गं.”

“आठ वेळा?”

मुकादमने डावा हात उजव्या हातात धरला.

“मी कोणाला सांगणार नाही,” शिडी म्हणाली. “उद्या आपण खेळायचंय. पण तुला वाटलं मला येणार नाही. खरं ना?”

ती दोन दोन पायऱ्या सोडत वर गेली. पंधरा गुण मिळवलेली मुलगी होती ती. पाय जमिनीला लागत नव्हते.

त्या दिवशीचे तास कसे गेले, मुकादमला आठवत नाही. इतिहासाच्या तासाला कोणीतरी राज्य जिंकलं आणि घालवलं. मधल्या सुट्टीत संघातल्या मुलींनी तिला घेरलं, “मुकादम, तुझ्यामुळे पास झाली गं शिडी!” आणि ती वाक्यं तिच्या अंगावर ओल्या चादरीसारखी पडत गेली. गप्प बसावं, तर उद्या मैदान तिचं आणि शिडीच्या गुणांचं श्रेयही तिचंच. बोलावं, तर जोडी म्हणजे जोडी. तिच्यापायी शिडीचे घासून मिळवलेले पंधरा गुणही बाकावर. दोन्हीकडून शिडीच भरडली जात होती. एवढ्यात आईची तिला आठवण झाली, भिंतीला पाठ टेकलेली, आपलं आपण सांग म्हणणारी. देवाला सांगायचं तर कधीही सांगता येईल, तो थांबेल. पण आज सराव नाही, बाई साडेचारला घरी जातील.

शेवटची घंटा झाल्यावर ती सामानाच्या खोलीत गेली. बाई स्टुलावर बसून चेंडूत हवा भरत होत्या. पंप खाली जायचा, वर यायचा, आणि प्रत्येक वेळी बाईंच्या तोंडून बारीकसा हुंकार निघायचा.

“बाई, सकाळच्या पेपरात मी शिडीला बोटांनी उत्तरं दाखवली. पाठीमागून. आठही. तिने एकही घेतलं नाही.”

पंप थांबला.

“तिने सांगायला पाठवलं?”

“नाही. ती सांगणार नव्हती. बाई, मला बाकावर बसवा. पण तिला खेळू द्या. तिचे पंधरा तिचेच आहेत.”

बाईंनी चेंडू दाबून बघितला, बाजूला ठेवला, दुसरा घेतला. मुकादमला वाटलं, आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“घरपाठही तूच करत होतीस ना तिचा?”

“हो.”

“मला ते दिसायला हवं होतं,” बाई म्हणाल्या. “इतकी बरोबर वही. चुकीचं एक अक्षर नाही. दमले की मला बरोबरच्या खुणा करायला बऱ्या वाटतात.” त्यांनी डोळे चोळले. “तुझा पेपर रद्द. म्हणजे शून्य. म्हणजे जोडी नापास.”

“बाई!”

“ऐकून घे. जोडी मी लावली, मीच मोडते. उद्यापुरती शिडीची जोडी चिमणीशी. तिला चोवीस आहेत. तुझ्या जागी चिमणी खेळेल. तू बाकावर. कप्तानीचं सोमवारी बघू.”

चिमणी म्हणजे राखीव मुलगी, दोन इयत्ता लहान, आवाजही तसाच. मुकादमच्या घशाशी आलं, की चिमणीच्या चेंडूला उंची नाही, शिडीला तो कमरेला लागेल. तिने ते गिळलं.

“ती टोकाचा चेंडू बुटका देते, हेच म्हणणार होतीस ना?” बाई म्हणाल्या.

“हो.”

“मलाही माहीत आहे. जा आता. झोप.”

शनिवारी हॉल भरला होता. मुकादम संघाचा गणवेश घालून बाकाच्या टोकाला बसली होती, हात मांड्यांखाली दाबून. मुलींना बाईंनी एवढंच सांगितलं होतं की आज मुकादम खेळणार नाही. मुली तिच्याकडे बघत, मग एकमेकींकडे. चिमणी रडवेली होऊन आली.

“ताई, मला नाही जमणार. तू बोटांनी सांगशील ना बाकावरून?”

“नाही,” मुकादम म्हणाली, फार पटकन. मग हळू आवाजात, “शिडीला विचार तिला कुठे हवा. ती सांगेल.”

पहिला सेट धडाधड गेला. चिमणीचे चेंडू बुटके पडत होते, शिडी वाकून वाकून मारत होती, चेंडू नेटमध्ये. दोन मुलींच्या मधोमध पडणारा प्रत्येक चेंडू मुकादमला बाकावरून पाच पावलांवर दिसत होता. तिच्या पोटऱ्या आपोआप ताणल्या जायच्या आणि कोणीच न धावलेला चेंडू जमिनीवर टप्पा घ्यायचा. तिने आयुष्यात इतकी मेहनत कधी केली नव्हती, जितकी त्या बसण्यात केली.

दुसऱ्या सेटच्या आधी शिडीने चिमणीला खांद्याला धरून बाजूला घेतलं. वाकून, हाताने हवेत उंची दाखवून काही सांगत होती. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. चिमणीने चुकीचा हात वर केला. शिडी थांबली, तिला पुन्हा करू दिलं. घाई केली नाही. मुकादम ते बघत राहिली, आणि मांड्यांखाली दाबलेले तिचे हात सैल पडले.

तो सेट त्यांनी जिंकला.

तिसऱ्या सेटमध्ये क्रीडा महाविद्यालयाचे पाहुणे, एक टोपीवाले गृहस्थ, बाईंच्या जवळ सरकले. बाकापर्यंत ऐकू येत होतं.

“ती उंच मुलगी कोणत्या वर्गात आहे? डोकं लावून खेळते.”

“शेवटच्या. भूमितीत कच्ची आहे, सुधारतेय.”

त्यांनी वहीत काही लिहिलं. मग त्यांची नजर बाकावर आली. “आणि ही? गेल्या वर्षी बघितली होती मी हिला. लागलंय का काही?”

मुकादमने मान खाली घातली. बाईंनी चष्मा सारखा केला.

“नाही,” त्या म्हणाल्या. “आज बसवलंय तिला. थकली आहे.”

गृहस्थांनी वही मिटली. तेवढंच. दोन वर्षं, आणि तेवढंच. मुकादमला वाटलं होतं जमीन फाटेल. जमीन जिथल्या तिथे होती, तिच्यावर चेंडू आपटत होता.

सामना दोन गुणांनी गेला. शिडी घामाने निथळत आली आणि बाकावर तिच्या शेजारी धपकन बसली.

“बाईंना तू सांगितलंस,” शिडी म्हणाली.

“हं.”

“वेडी आहेस.” मग थोड्या वेळाने, “तुझा उंच चेंडू असता ना, तर जिंकलो असतो.”

“माहीत आहे.”

“तू वाईट वाटून घे हां. मी काही समजूत घालणार नाही.”

“घेतेय,” मुकादम म्हणाली. शिडीने तिची बाटली घेऊन अर्धी संपवली आणि नेट सोडायला गेली. मुकादम उठायला गेली, तर शिडीनेच मागे वळून हात केला, बस म्हणून.

आई वरच्या पायऱ्यांवर होती. पाळी बदलून घेऊन, धुलाईघराच्या कपड्यांतच आली होती, दुसऱ्या सेटपासून. मुकादमला ते माहीतच नव्हतं. ती खाली आली, मुलीचं दप्तर उचललं, आणि दोघी बाहेर पडल्या. बसथांब्यापर्यंत मुकादमने सगळं सांगितलं, घरपाठापासून बोटांपर्यंत. काही वगळलं नाही. आईने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही.

थांब्यावरच्या बाकावर दोघी बसल्या. आईने पायांतल्या चपला काढल्या.

“आता पुढच्या वर्षाचं काय, आई?”

“मला काय माहीत. सोमवारी त्या बाईंना विचार. शून्याचा पेपर पुन्हा देता येत असेल तर दे.” आई तिच्याकडे बघत होती, लहान मुलीकडे बघावं तशी. “मी वर बसले होते ना, तर मला वाटत होतं, केवढ्या दिवसांनी हिला बसलेली बघतेय.”

“मला नाही आवडलं बसायला.”

“दिसत होतं. गुडघा हलत होता सारखा.”

मुकादमने खाली पाहिलं. गुडघा आता हलत नव्हता. सगळ्या अंगात शीण भरून आला होता, तो कालचा नव्हता, आठवड्याचा नव्हता, वर्षानुवर्षं साठलेला होता, आणि आज त्याला बसायला जागा मिळाली होती. तिने आईच्या खांद्यावर मान टाकली. खळीचा वास आला.

बस आली. दार उघडलं. चालकाने दोघींकडे पाहिलं.

आईने चपलांकडे पाहिलं, मग मुलीकडे.

“जाऊ द्या,” ती चालकाला म्हणाली. “आम्ही पुढची घेतो.”